पापडखाराचं साल

१९७४ सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, चंपालालशेठ माझ्याशी हळू आवाजात बोलले आणि तिथून गावाची घडी विस्कटायला सुरुवात झाली.

शेठ कधी हळू बोलत नसत. पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रस्त्यावर आमचं गाव. शेठचं किराणा दुकान बरोबर स्टेशनासमोर होतं. गाडी शिट्टी देत असली तरी तिच्यावर आवाज चढवून ते भाव सांगायचे. कुणी किती साखर नेली ते पारावर बसलेल्यांनाही कळायचं. त्या दिवशी मात्र ते गल्ल्यावरून पुढे वाकले आणि जवळजवळ कानात म्हणाले,

"द्वारकाबाई, पापडखार नाही."

"नाही म्हणजे?"

"डब्याच्या तळाला असेल तेवढाच. रेल्वेचा संप सुरू झालाय. माल गुजरातेत अडकलाय. पण कुठे बोलू नका."

माझ्यामागे अंजनाबाई फिरके गुळाचा खडा निवडत होत्या. आमच्या शेजारीण. त्यांना यातलं काहीही ऐकू आलं नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"शेठ, काय म्हणालात हो तिला?"

"काही नाही."

"काही नाही, तर एवढं हळू कशाला?"

"तुमचं आपलं काहीतरीच, बाई. गूळ घ्या."

"गूळ राहू द्या. हिला जे सांगितलं, ते मलाही द्या."

"अहो, काय द्या?"

"ते तुम्हाला माहीत. मला दोन पुड्या बांधा त्याच्या."

शेठनं वैतागून डब्याचा तळ खरवडला आणि दोन पुड्या बांधल्या. अंजनाबाईंनी त्या पदराखाली घेतल्या, आणि वाटेत भेटेल त्या बाईला पदराखाली काय आहे ते सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका दुकानासमोर उभ्या होत्या. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांत कुणी पापड लाटला नव्हता, त्याही होत्या. शेठनं मग आतल्या खोलीतला राखीव डबा काढला, तोही संपला. मला स्वतःला चिमूटभरही मिळाला नाही.

आणि खरी गरज मला एकटीला होती.

यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घराच्या दर्शनी बाजूला, रस्त्याकडे दार असलेली एक दगडी खोली यांच्या वाट्याची. तिथे मी गल्लीतल्या आठ-दहा बायकांना घेऊन पापड लाटायचं काम सुरू केलं होतं. उडदाचे पापड, ज्वारीची बिबडी. जळगावच्या एका ग्राहक भांडारानं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पहिली मोठी ऑर्डर दिली होती. ती वेळेवर पोचली, तर वर्षभराचं काम देणार होते.

पण ती खोली माझ्या थोरल्या दिरांनाही हवी होती. विश्वनाथ भोळे त्यांचं नाव. त्यांनी खताची एजन्सी घेतली होती आणि रस्त्यावरचं दार असलेली खोली म्हणजे गोदामाला सोन्यासारखी. आमच्यात थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही आणि भावजय त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. बोलणं होतं ते सासूच्या मार्फत. मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी, ते ओसरीवर, आणि मधे सासूबाई सुपारी कातरत बसलेल्या. मी त्यांना आत्या म्हणायची.

संप सुरू झाला त्याच दिवशी संध्याकाळी थोरले ओसरीवर आले.

"आई, तिला सांग. वटपौर्णिमेपर्यंत जळगावची ऑर्डर पोचली, तर खोली कायमची तिची. मी नाव काढणार नाही. नाही पोचली, तर मृगाच्या आधी माझी पोती तिथे लागतील."

आत्या माझ्याकडे वळल्या. मी तीन हातांवर होते.

"द्वारके, हा म्हणतो, ऑर्डर पोचली तर खोली कायमची तुझी."

"आई, पुढचंही सांग."

"पुढचं ऐकलंय तिनं. बहिरी नाही ती."

"मग आधीचं कशाला सांगितलंस?"

"ते चांगलं होतं म्हणून."

थोरले गेल्यावर आत्या उठल्या, काठी टेकत त्या खोलीत गेल्या, भिंतींवर दोन-चार ठिकाणी काठी वाजवून पाहिली, वर आढ्याकडे पाहिलं, आणि "मारुतीला जाऊन येते" म्हणून निघून गेल्या. वयानं जरा भ्रमल्यासारखं झालंय त्यांना, असं मला वाटलं.

पापडखार संपल्यावर मागे राहिलेल्या बायकांनी खायचा सोडा नेला. तो संपला तेव्हा कुणीतरी म्हणालं की धुण्याचा सोडा आणि पापडखार हे दोघे सख्खे भाऊच. मग धुण्याचा सोडाही गेला. सुखदेव परीट दुकानात आला तेव्हा शेठच्या फळीवर फक्त उदबत्त्या उरल्या होत्या.

"शेठ, माझी भट्टी कशी लागणार?"

"उदबत्ती लाव," शेठ म्हणाले. तेही आता कंटाळले होते.

सुखदेवानं भट्टी बंद ठेवली आणि पाण्यात भिजत घातलेले कपडे तसेच भिजत राहू दिले. त्यात रहमानमास्तरांच्या बँडचे लाल गणवेश होते.

दुसऱ्या दिवशी नारखेड्यांच्या मुलीचं लग्न. रावेरचं वऱ्हाड ट्रॅक्टरवर बसून आलेलं. रहमानमास्तर नारखेड्यांच्या दारात आले ते लेंग्यावर, बनियनवर, काखेत क्लॅरिनेट.

"नारखेडेभाऊ, माफ करा. बँड वाजणार नाही."

"अहो मास्तर, वाजवायचं तोंडानं. गणवेशानं थोडंच वाजतं?"

"तीस वर्षांत बँड लेंग्यावर उभा राहिला नाही. आज राहिला, तर उद्या लोक टॉवेलवर बोलावतील. घोडा घ्या. घोडा तयार आहे."

घोडाही त्यांचाच. सुलतान नाव. नवरदेव सुलतानवर बसला. सगळे म्हणाले, चला. सुलतान हलला नाही. त्याला गूळ दिला, तो त्यानं खाल्ला. मागून ढकललं, तर तो मागे वळून ढकलणाऱ्याकडे नुसता बघत राहिला. आयुष्यात तो बँडशिवाय कधी चालला नव्हता आणि आता या वयात शिकायची त्याची इच्छा दिसत नव्हती.

"नवरदेवाला खाली उतरवा, चालत येऊ दे," नारखेडे म्हणाले.

"रावेरकरांचा नवरदेव पायी?" नवरदेवाचे मामा कडाडले. "मग मुलगी बैलगाडीच्या मागे बांधून न्यायची का?"

वाद सुरू झाला, आणि वादात मुहूर्त टळला. पुढचा मुहूर्त दोन दिवसांनी. वऱ्हाड म्हणालं, आम्ही थांबतो. थांबलं म्हणजे जेवलं. नारखेड्यांची तुरीची डाळ पहिल्याच दिवशी संपली. गावातली दुसऱ्या दिवशी. मग त्यांनी चंपालालशेठच्या दुकानी धाव घेतली.

मी शेठकडे गेले ती फक्त माझा माल नीट आहे ना, हे बघायला. माझा उडीद मी त्यांच्याकडे सांगून ठेवला होता.

"शेठ, माझी उडदाची डाळ?"

शेठ पुन्हा हळू बोलले. "बाई, वऱ्हाडानं खाल्ली."

"माझी?"

"तुमच्याकडे खार नव्हता. खाराशिवाय डाळीचं काय करणार होता तुम्ही? आणि तिकडे पंगत बसलेली. मी म्हटलं, संप मिटेपर्यंत दुसरी येईल."

मी स्टेशनाच्या बाकावर जाऊन बसले. रूळ उन्हात चमकत होते. मला हसावं की रडावं कळेना. पापडखार नाही म्हणून सोडा गेला, सोडा नाही म्हणून गणवेश गेले, गणवेश नाहीत म्हणून बँड गेला, बँड नाही म्हणून घोडा थांबला, आणि घोडा थांबला म्हणून माझा उडीद रावेरकरांच्या पोटात गेला. आता खार मिळाला असता तरी पापड झाले नसते.

घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं. त्या सुपारी कातरत होत्या.

"खार गेला कुठे?" त्यांनी विचारलं.

"संपला म्हणते ना."

"अगं, गावानं खाल्ला का तो? पापड तर कुणीच केले नाहीत. फडताळांत आहे सगळा. उडीदही असेल घराघरात. वऱ्हाड बघून बायकांनी तोही भरून ठेवला असणार."

"विकत मागितला तर कोण देईल आत्ता?"

"विकत कशाला मागतेस? उसना माग. उसन्याला नाही म्हणायची रीत नाही आपल्यात."

मी वाटी घेऊन आधी अंजनाबाईंकडे गेले.

"काकू, चमचाभर पापडखार उसना द्या. आणि वाटीभर उडीद."

"माझ्याकडे कुठला गं खार?" म्हणता म्हणता त्या फडताळाच्या आड उभ्या राहिल्या.

"गाडी सुरू झाली की परत देईन. शिगेची वाटी भरून."

अंजनाबाई थांबल्या. "शीग केवढी?"

"मावेल तेवढी."

"तूच भरणार, का मी?"

"तुम्ही भरा."

फडताळ उघडलं. त्यात दोन पुड्या नव्हत्या, सहा होत्या. आणखी चार कुठून आणल्या, ते मी विचारलं नाही.

दुपारपर्यंत अख्खं गाव मला उसनं देत होतं. मात्र प्रत्येकीला शंका होती की आपल्या खाराचं दुसरं कुणी काहीतरी करेल. म्हणून ज्या बाईनं खार दिला ती स्वतःच पोळपाट-लाटणं घेऊन आली, आपल्या खाराचं पीठ आपल्यासमोरच भिजवून घेतलं, आणि आपल्या गोळ्याजवळ राखणीला बसली. नुसतं बसून काय करायचं, म्हणून लाटायला लागली. माझ्या आठ-दहा बायकांच्या जागी पन्नासेक झाल्या. अंजनाबाई शेजारणीच्या पापडाकडे बघून म्हणाल्या, "एवढा जाड? खार देताना हात आखडला, आणि पीठ लाटताना मोकळा?"

"तुमचा पातळ आहे ना, मग त्यातून बघा आणि सांगा, काय दिसतं ते."

"तुझा नवरा दिसतो. चंपालालच्या दुकानात उधारीवर विडी मागतोय."

हसून हसून लाटणी थांबली. मी ओरडले तेव्हा पुन्हा सुरू झाली.

आता वाळत घालायचे कुठे? सुखदेव परटाचं मैदान नदीकाठी रिकामंच होतं. भट्टी बंद, दोऱ्या रिकाम्या. त्यानं भिजलेल्या चादरी काढल्या, पिळल्या आणि अंथरल्या. सगळ्या मैदानावर पापड. तेवढ्यात कावळे आले.

बँडवाले तिथेच बाभळीखाली आपले लाल गणवेश भिजताना बघत बसले होते. मी रहमानमास्तरांसमोर हात जोडले.

"मास्तर, ढोल तरी वाजवा. कावळे पापड नेतायत."

मास्तरांनी विचार केला. लेंग्याकडे पाहिलं, मग कावळ्यांकडे. "कावळ्यांपुढे गणवेश लागत नाही," ते म्हणाले, आणि ढोलवाल्याला खूण केली.

हा नेमका तोच दिवस, दुसऱ्या मुहूर्ताचा. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी सुलतानवर बसलेला, मामा उन्हात उभे, आणि सुलतान ढिम्म. नदीकडून ढोलाचा आवाज आला तेव्हा सुलताननं कान टवकारले आणि निघाला.

त्याला नारखेड्यांच्या मांडवाकडे वळवायला चार माणसं लटकली. तो चारही माणसं घेऊन नदीवर आला. नवरदेव बाशिंग सांभाळत आयाळीला धरून, मागे मामा, मागे रावेरचं वऱ्हाड. ढोलवाल्यानं घोडा बघितला आणि घाबरून वाजवणं थांबवलं. सुलतानही थांबला. पापडांच्या अगदी मधोमध.

"वाजवा हो, जाऊ दे त्याला मांडवात!" नारखेडे ओरडले.

"वाजवू नका!" मी ओरडले. "चारही खूर माझ्या पापडांत आहेत!"

भटजी घड्याळ बघत होते. "मुहूर्त आता टळला तर आषाढाच्या आत दुसरा नाही."

रावेरकर अजून महिनाभर थांबतील या कल्पनेनं नारखेड्यांचा चेहरा पांढरा पडला. "मुलीला इथेच आणा," ते म्हणाले.

अशा रीतीनं ते लग्न परटाच्या मैदानावर लागलं. अंतरपाट म्हणून सुखदेवानं उरलेली एक चादर दिली. वऱ्हाड पापडांच्या ओळींमधून पाय उचलून उचलून उभं राहिलं. शुभमंगल झालं, आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. बहुतेक माझ्या पापडांवर पडल्या. आम्ही दोन दिवस वेचत होतो. तरी जळगावच्या काही गिऱ्हाइकांच्या ताटात आमच्याकडच्या अक्षतांची हळद लावलेली ज्वारी गेलीच असणार.

पापड वाळले, बांधले आणि एसटीच्या टपावर चढवून मी स्वतः जळगावला पोचवले. संपामुळे भांडाराकडे दुसऱ्या कुणाचाच माल आला नव्हता. साहेबांनी वर्षाचं काम देतो म्हणून सांगितलं. वटपौर्णिमेला चार दिवस बाकी होते. त्या पौर्णिमेला मी वडाकडे गेले नाही, पण घरी पुरणपोळी केली.

दुसऱ्या दिवशी थोरले ओसरीवर आले.

"आई, तिला सांग, शाब्बास."

"द्वारके, शाब्बास म्हणतो."

"आणि सांग, पापडाचा हंगाम आता संपला. पावसाळ्यात खोली रिकामीच राहणार. तेवढे चार महिने माझी पोती राहू दे. तात्पुरती."

आत्यांनी ते मला सांगितलं नाही. सुपारी कातरत राहिल्या. तात्पुरती पोती म्हणजे काय, ते आम्हा दोघींना माहीत होतं. एकदा आत गेलेली पोती कुठल्या भावजयीच्या सांगण्यानं बाहेर येतात?

"ट्रक कधी येतोय तुझा?" आत्यांनी एवढंच विचारलं.

"परवा."

ते गेले. मी दाराआडच खाली बसले. एवढं सगळं करून खोली जाणार होती, आणि तीही गोड बोलून. आत्या म्हणाल्या, "ऊठ, भाकरी टाक." मला त्यांचा फार राग आला.

संप मिटला होता. सकाळी छोटी गाडी आली. तिचे मागचे दोन डबे आमच्या स्टेशनात रिकामे होऊ लागले. हमाल पाठीवर पोती घेऊन थेट आमच्याच दारात येत होते. चंपालालशेठ मधे उभे राहून पूर्वीच्या आवाजात ओरडत होते, "भिंतीपासून लावा! भिंतीपासून! वरपर्यंत जाऊ द्या!"

"शेठ, हे काय?"

"पापडखार!"

"एवढा?"

"माल माझा, जागा तुमची, भाडं महिन्याच्या महिन्याला. बाकी आत्याबाईंना विचारा!"

आत्या म्हणाल्या, "पुन्हा गाडी बंद पडली तर? साठा असावा घरात." मला वाटलं, टंचाईनं म्हातारीचं डोकं फिरलं.

थोरले दुसऱ्या दिवशी खताचा ट्रक घेऊन आले तेव्हा खोलीत बोट शिरायला जागा नव्हती.

"आई, हे काय आहे?"

"द्वारके, हा विचारतो, हे काय आहे."

"त्यांना सांगा, पापडखार आहे," मी दाराआडून म्हणाले.

"आई, तिला विचार, हा कधी संपेल?"

आत्यांनी मला विचारलं नाही. स्वतःच उत्तर दिलं. "चिमटीचिमटीनं लागतो बाबा. वेळ जाईल."

खत थोरल्यांच्या बैठकीत उतरलं. जाऊबाई त्या वर्षी चार महिने माजघरात झोपल्या, आणि पाहुणे आले की नाकाला पदर लावून चहा द्यायच्या.

मी गावभर उसनं फेडलं. प्रत्येक वाटी शिगेची. पण आता खार कुणालाच नको होता, आणि उसनं परत घेणार नाही असंही म्हणता येईना. त्यात आमच्याकडे रिकामी वाटी परत देत नाहीत. बायका माझीच वाटी मला परत पाठवायच्या, त्यात काहीतरी घालून, आणि सगळ्यांच्या घरात भरपूर असलेली वस्तू एकच होती. श्रावण संपेपर्यंत वाट्या फिरत होत्या. त्यातच दमट हवेनं पोत्यांना पाणी सुटलं, मग ती वाळली, आणि पोत्याला पोतं धरून अख्खी खोली एका दगडाची झाली. ती आता कुणाला हलवता येणार नव्हती. आम्ही तासणीनं तासून खार काढायला लागलो आणि रिकाम्या झालेल्या जागेत पोळपाट मांडायला लागलो. आधी एक, मग दोन. दोन-तीन वर्षांत निम्मी खोली मोकळी झाली, तोवर पापडांवर भांडाराचा शिक्काही बसला होता.

रहमानमास्तरांनी त्यानंतर गणवेशाचे दोन संच शिवले. एक परटाकडे असेल, तेव्हा दुसरा अंगावर. सुलतान म्हातारपणी मेला तेव्हा त्याच्यासाठी मास्तरांच्या मुलानं क्लॅरिनेट वाजवलं. सुखदेवाच्या मैदानाला अजून पापडाचं मैदान म्हणतात, आता तिथे दुकानांचे गाळे आहेत. नारखेड्यांची मुलगी रावेरला सुखानं नांदली. तिचा नातू परदेशात असतो आणि मी पापड पाठवले की आजीच्या लग्नातले का, असं विचारतो. अंजनाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या फडताळात खाराच्या सहा पुड्या निघाल्या. मी उसन्या घेतल्या होत्या त्याच कागदाच्या नव्हत्या, पण पुड्या सहाच. छोटी गाडीही आता बंद झाली.

आत्या अठ्ठ्याहत्तर साली गेल्या. दहाव्याला चंपालालशेठ आले. ओसरीवर बसले आणि तिसऱ्यांदा हळू बोलले.

"बाई, तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो माल त्यांनीच मागवायला लावला होता. संप लागला त्या पहिल्याच संध्याकाळी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, जागा देते, माल आण. मी विचारलं, किती मागवू?"

"मग?"

"म्हणाल्या, खोलीभर."

पहिल्याच संध्याकाळी. म्हणजे थोरल्यांनी शब्द दिला होता, त्याच्या नंतर तासाभरात. ऑर्डर पोचण्याच्या कितीतरी आधी. ती पोचेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि पोचल्यावर आपला मुलगा काय म्हणेल हेही.

आत्या गेल्यावर थोरल्यांची पंचाईत झाली. माझ्याशी बोलायचं तर मार्फत कुणी उरलं नाही. जाऊबाई कानानं गेल्या होत्या. म्हातारपणी ते रोज दुपारी त्या खोलीत येऊन बसायचे, बायका लाटत असायच्या, मी कडेला. शेवटचं एक पोतं कोपऱ्यात उरलं होतं, दगड होऊन. एक दिवस थोरले त्या पोत्याकडे तोंड करून म्हणाले,

"तिला सांग, यंदा पापड चांगले झालेत."

मी पदर सावरला आणि पोत्याला म्हटलं,

"त्यांना सांगा, खार अजून भरपूर आहे."